खडकाळ वाटेवर युनिसायकल: गुडघे आणि घोटे वारंवार दुखत असतील तर क्रँक तपासा

तक्रार नेहमी सारखीच असते. सपाट रस्त्यावर युनिसायकल, म्हणजे एकाच चाकाची सायकल, तासभर मजेत चालते. वाट दगडधोंड्यांची, मुळ्यांची, चढउताराची झाली की अर्ध्या तासात गुडघ्याच्या वाटीखाली ठणकायला लागतं, नाहीतर घोट्याच्या आतल्या हाडावर क्रँक, म्हणजे पेडल आणि चाकाचा आस जोडणारी दांडी, लागून लागून ती जागा हुळहुळी होते. मग सीट बदलून बघायची, ती खालीवर करायची, टायरमधली हवा कमी करायची. दोन फेऱ्या बऱ्या जातात आणि तिसऱ्या फेरीला दुखणं पुन्हा हजर. मी यात दोन वर्षं घालवली. खोड क्रँकमध्ये होती आणि ती दुहेरी होती: माझे क्रँक त्या वाटेसाठी लांब होते आणि माझ्या घोट्यांसाठी अरुंद. या दोन गोष्टींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकच करून बघणाऱ्याला अर्धाच गुण येतो.

युनिसायकलला चेन नाही, पेडल थांबवून चाक फिरू देणारं फ्रीव्हील नाही. पेडल एकदा फिरलं की चाक एकदा फिरतं. त्यामुळे चाकाची त्रिज्या आणि क्रँकची लांबी यांचं प्रमाण हाच तुमचा गिअर. ब्रेक बसवला नसेल तर उतारावर वेग धरून ठेवण्याचं कामही याच दोन दांड्यांवर पडतं, आणि सीटवरून उठून उभं राहिलात की सगळं वजनही त्यांच्यावरच. एवढी कामं करणारा भाग आपण बहुतेकदा विकत घेताना जसा आला तसाच वर्षानुवर्षं ठेवतो.

पान्हा हातात घेण्याआधी

एकच ओळखीची वाट निवडा, जिच्यात चढ, उतार आणि खडबडीत सपाट असे तिन्ही तुकडे आहेत. ती तीन वेगवेगळ्या दिवशी चालवा आणि दुखायला कुठे सुरुवात होते ते लिहून ठेवा. आठवणीवर विसंबू नका, कारण घरी पोचेपर्यंत सगळे पाय सारखेच दुखत असतात.

चढावर, दाब देताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर क्रँक आखूड पडतोय किंवा सीट फार खाली आहे. फक्त उतारावर, पेडल मागे रोखून धरताना दुखत असेल तर लांबीला हात लावण्याआधी ब्रेकचा विचार करा. खडबडीत सपाटीवर पाय भराभर फिरवताना गुडघा छातीकडे येतोय, कंबर सीटवर उड्या मारतेय आणि मांडीचा सांधा आखडतोय असं वाटत असेल तर क्रँक लांब आहे. शेवटचं लक्षण सर्वात जास्त लोकांत असतं आणि सर्वात कमी ओळखलं जातं, कारण खडकाळ वाट म्हटली की लांब क्रँक हवा हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

सीटची उंची मात्र आधी जागेवर आणा, नाहीतर पुढची सगळी तपासणी वाया जाईल. पेडल सर्वात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. खडकाळ वाटेसाठी त्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली चालेल, कारण धक्के घ्यायला गुडघ्यात थोडी वाकण हवी. पाच-सहा सेंटिमीटर खाली असेल तर गुडघेदुखीचं कारण तुम्हाला तिथेच सापडलंय. गुडघा सुजत असेल किंवा विश्रांतीनंतरही दुखणं जात नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा; पुढचं सगळं धडधाकट गुडघ्यासाठी आहे.

लांबीने नेमकं काय बदलतं

उदाहरण घेऊ. 26 इंची चाक, जाड टायर लावलेलं, त्रिज्या साधारण 345 मि.मी. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो. चढ 15 टक्क्यांचा, म्हणजे 100 मीटर पुढे गेल्यावर 15 मीटर वर. हा चढ सावकाश चढताना पेडलवर पडणारा सरासरी जोर 165 मि.मी.च्या क्रँकला सुमारे 25 किलो येतो, 150ला 27, 137ला 30 आणि 125ला 33. पण सरासरी फसवी असते. पेडल सर्वात वर आणि सर्वात खाली असताना जोर जवळजवळ लागतच नाही, म्हणून क्रँक आडवा असताना तो सरासरीच्या सुमारे दीडपटीहून थोडा जास्त असावा लागतो. तो आकडा 165ला 39 किलो, 150ला 43, 137ला 47 आणि 125ला 51 असा जातो.

165वरून 137वर आलात तर सर्वात कठीण क्षणी 8 किलो जास्त दाबावं लागेल. हा खर्च झाला. आता जमेची बाजू बघा. ताशी 12 किलोमीटर वेगाने जाताना हे चाक मिनिटाला सुमारे 92 वेळा फिरतं. तेवढ्या वेळात 165च्या क्रँकवर पाऊल 95 मीटरचा प्रवास करतं, 137वर 79 मीटरचा. तोच वेग, तीच वाट, पण पायाची वणवण सहावा हिस्सा कमी. शिवाय क्रँक 28 मि.मी.ने आखूड झाला की तळाचं पेडल तितकंच वर येतं, दगडावर आपटणं कमी होतं आणि सीट तेवढीच वर घेता येते. सीट वर गेली आणि वरचं पेडल खाली आलं, म्हणजे पेडल माथ्यावर असताना गुडघ्याला तब्बल 56 मि.मी. जास्त मोकळीक मिळते. माझ्या गुडघ्यांचं दुखणं गेलं ते या 56 मिलिमीटरनी.

चाक वेगळं असेल तर त्रिज्येला क्रँकच्या लांबीने भागा. 24 इंची चाकाला 150चा क्रँक असेल तर उत्तर सुमारे 2.1 येतं, 26ला 165 लावला तरी तेवढंच. 29ला 165 म्हणजे 2.2, आणि 36ला 150 लावला तर 3. माझ्या मते अवघड, उभ्या आणि पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेवर 2 ते 2.3 ठीक, लाटांसारख्या चढउताराच्या वाटेवर 2.3 ते 2.6, आणि 2.8च्या वर गेलात तर वाट गुळगुळीत मातीची हवी. हे आकडे म्हणजे सुरुवातीचा ठोकताळा. कमी वजनाच्या किंवा आखूड पायांच्या माणसाला याच वाटांवर वेगळं उत्तर सापडेल.

उतार आणि ब्रेक

वरचं गणित उताराला जसंच्या तसं लागू होतं, फक्त दिशा उलटी. ब्रेक नसेल तर 15 टक्क्यांचा उतार उतरताना दर अर्ध्या फेरीला तेच 39 किंवा 47 किलो मागे रोखून धरावे लागतात. चढावर थकलं की उतरून चालता येतं. उतारावर माणूस तसं करत नाही, म्हणून मांड्या आणि गुडघे खरे इथे झिजतात. लांब क्रँक वापरणाऱ्या कितीतरी जणांना तो चढासाठी नव्हे तर उतारासाठी हवा असतो.

म्हणून माझा ठाम सल्ला असा: खडकाळ वाटेसाठी क्रँक आखूड करणार असाल तर आधी ब्रेक लावा. मागुरा कंपनीचा एचएस 33 हा रिमवर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक युनिसायकलींवर बरीच वर्षं वापरात आहे. डिस्क ब्रेकही लावता येतो. काही रचनांत डिस्क हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, फ्रेमच्या आत असते, तर काहींत ती थेट क्रँकवर बसते. क्रँकवरची डिस्क असेल तर क्रँक बदलताना नव्या क्रँकला डिस्कचे स्क्रू बसवायच्या जागा आहेत का, हे आधी बघा. लीव्हर सीटच्या पुढच्या हँडलखाली असतो. एका बोटाने सतत हलका दाब ठेवायचा, झटका द्यायचा नाही. हे जमायला पाच-सहा फेऱ्या लागतात. जमलं की पाय फक्त तोल सांभाळतात आणि वेग बोट सांभाळतं.

दोन भोकांचा क्रँक

यावरचा सर्वात समजूतदार उपाय म्हणजे एकाच क्रँकवर पेडलसाठी दोन भोकं. 127 आणि 150, किंवा 137 आणि 165 अशा जोड्यांचे क्रँक तयार मिळतात. चढ मोठा असेल त्या दिवशी बाहेरचं भोक, वाट धावती असेल तेव्हा आतलं. वाटेच्या मध्यावर थांबूनही पेडल हलवता येतात. एक पान्हा आणि पाच मिनिटं पुरतात. कोणती लांबी आपली, हे ठरवण्यासाठी यासारखं दुसरं साधन नाही, कारण बाकी काहीही न बदलता तुलना करता येते.

घेताना आसाची जोडणी जुळते का ते तपासा. जुन्या किंवा साध्या युनिसायकलींचा आस चौकोनी निमुळता असतो. खडकाळ वाटेसाठीच्या बऱ्याच हबवर आयसिस नावाची, 10 खाचांची जोडणी असते, आणि काही उत्पादकांच्या खाचा याहूनही वेगळ्या असतात. दिसायला सारख्या वाटल्या म्हणून ठोकून बसवायला जाऊ नका. एकदा खाचा चेचल्या की हबही गेला.

स्वतः दुसरं भोक पाडायचं असेल तर

हे मी केलंय आणि जमलंही, पण ज्याच्याकडे उभं ड्रिल मशीन आणि घट्ट व्हाइस नाही त्याने हे काम करू नये. हातातल्या ड्रिलने भोक सरळ येत नाही. एका अंशाचा फरक पडला तरी 100 मि.मी. बाहेर असलेलं पेडलचं टोक पावणेदोन मि.मी.ने सरकतं, आणि तळपायाला ते दर फेरीला कळतं. वॉरंटी असेल तर ती भोक पाडताच संपते, हेही धरून चाला.

कोणता क्रँक चालेल? घडीव ॲल्युमिनियमचा, भरीव, आणि भोकाच्या जागी 12 मि.मी. तरी जाड. ओतीव क्रँकला हात लावू नका, त्याच्या पोटात बारीक पोकळ्या असू शकतात. आतून पोकळ असलेला क्रँक तर बादच. स्वस्त पोलादी क्रँकला भोक पाडता येतं, पण तो खडकाळ वाटेवर उडी मारताना आधीच वाकतो, मग कष्ट कशाला?

भोकाची जागा हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. पेडलचं भोक 9/16 इंचाचं, म्हणजे 14.3 मि.मी. व्यासाचं असतं. दोन भोकांच्या मधे निदान 10 मि.मी. सलग धातू राहू द्या; म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंत 25 मि.मी. अंतर आलं. मग 165च्या क्रँकवर आणखी आत, 100 मि.मी.वर भोक पाडून एकदम आखूड क्रँक का करू नये? कारण बाहेरच्या भोकात पेडल असताना क्रँकवर येणारा वाकवणारा जोर पेडलपासून आसाकडे जाताना वाढत जातो. टोकापासून 25 मि.मी. आतल्या भोकाशी तो बराच कमी असतो. 65 मि.मी. आत गेलात तर त्याच्या अडीचपटीहून जास्त होतो, आणि नेमक्या तिथेच आपण धातू काढून टाकलेला असतो. खूप आखूड क्रँक हवा असेल तर तो सरळ वेगळा घ्या.

आता काम. क्रँक काढण्याआधी डावा-उजवा रंगाने लिहून ठेवा. सीटचं हँडल ज्या दिशेला ती पुढची बाजू. क्रँक आसावरून ओढून काढायला पुलर नावाचं हत्यार लागतं. चौकोनी आसाचा पुलर आयसिसच्या हबवर तसाच लावलात तर त्याचं बारीक टोक आसाच्या पोकळीत शिरून आतले आटे खराब करतं, म्हणून त्यासाठीची टोपी लावा.

क्रँकच्या मध्यरेषेवर व्हर्निअरने माप घ्या, ते आसाच्या भोकाच्या केंद्रापासून मोजा आणि दोन्ही क्रँकवर अर्ध्या मि.मी.च्या आत जुळवा. सेंटर पंच मारा. क्रँक व्हाइसमध्ये धरताना त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर विसंबू नका, कारण बरेच क्रँक बाहेरच्या बाजूला झुकलेले असतात. मी जुन्या पेडलची दांडी मूळ भोकात घट्ट बसवतो आणि ती दांडी गुण्याने दोन्ही बाजूंनी ओळंब्यात आणतो. ती उभी झाली म्हणजे नवं भोक तिला समांतर येणार. ही एक युक्ती सापडेपर्यंत माझी एक जोडी वाकडी गेली होती.

आधी 5 मि.मी.चं भोक, मग 10, मग 13. आटे इंचाला 20, म्हणजे एका आट्याची रुंदी 1.27 मि.मी.; 14.29मधून ती वजा केली की 13.02 उरतात, म्हणून 13चा बिट बरोबर बसतो. टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायची हत्यारं, दोन लागतात: उजव्या क्रँकला नेहमीचे उजवे आटे, डाव्याला डावे. क्रँक व्हाइसमधून न सोडता, टॅप त्याच मशीनच्या चकमध्ये धरून, मशीन बंद ठेवून, चक हाताने फिरवत पहिले तीन-चार आटे पाडा. टॅप सरळ शिरला की पुढचं काम हाताच्या टॅप हँडलने. अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे, आणि तेल सढळ हाताने. ॲल्युमिनियम टॅपला चिकटतं, घाई केली की आटे फाटतात.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पेडलचा खांदा क्रँकवर सपाट टेकायला हवा. क्रँकचा पृष्ठभाग तिथे तिरका असेल तर खांदा एकाच कडेवर टेकतो, आणि काही फेऱ्यांत पेडल सैल पडतं किंवा भोकाच्या कडेला तडा जातो. भोकाभोवती साधारण 20 मि.मी. व्यासाची जागा त्याच मशीनवर सपाट करून घ्या. शेवटी दोन्ही कडांची धार मोडा, चुरा साफ करा, आट्यांना ग्रीस लावा.

क्रँक आखूड करण्यासाठी तो वाकवणं, तापवणं, कापून वेल्ड करणं यातलं काहीही करू नका. ॲल्युमिनियमला ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून मिळालेली असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती त्या जागी निघून जाते. दिसायला जोड सुंदर असतो आणि तुटतो तेव्हा पाय खाली टेकवायला वेळ मिळत नाही.

घोटा घासतोय

लांबी सुधारली तरी घोट्याचं दुखणं राहू शकतं, आणि माझ्या बाबतीत ते राहिलंच. आधी नेमकं कुठे लागतंय ते शोधा. क्रँकच्या बाहेरच्या बाजूला खडू फासा, हबजवळचा बोल्टही सोडू नका, आणि अर्धा तास खडबडीत चालवून बघा. बुटावर आणि मोज्यावर पांढरं कुठे उमटलं ते दिसेल, क्रँकवरचा खडू कुठे पुसला गेला तेही दिसेल. क्रँक आडवा असताना पुढच्या पायाचा घोटा आसाच्या आसपास येतो. म्हणून लांबी 25-30 मि.मी.ने बदलली की आपटण्याची जागाही सरकते. पूर्वी दांडीला लागायचं ते आता बोल्टच्या टोकाला लागू शकतं.

दोन्ही पेडलांमधलं आडवं अंतर, ज्याला क्यू फॅक्टर म्हणतात, ते वाढवलं की घोट्याला जागा मिळते. पण त्याची किंमत तोलात मोजावी लागते. पाय मध्यरेषेपासून जितका दूर, तितकी प्रत्येक दाबासरशी सायकल डावीकडे-उजवीकडे डुलते. लांब पल्ल्याच्या वाटेवर ही डुल फार थकवते. म्हणून थोड्यापासून सुरू करा. पेडल आणि क्रँकच्या मधे मि.मी.भर जाडीचा पेडल वॉशर टाका. एकाने भागलं नाही तर दुसरा, त्यापुढे नको, कारण आत बसणारे आटे तेवढे कमी होतात. पेडलला जोडायचे 20 मि.मी.चे लांबवणारे तुकडे मिळतात. सायकलवर ते उपयोगी असतील, पण जिथे दगडावरून उडी मारून दोन्ही पायांवर उतरायचं आहे तिथे मी ते वापरणार नाही. आट्यांवर येणारा ताण त्यांनी बराच वाढतो.

वॉशरने भागलं नाही तर बाहेर झुकलेले क्रँक घ्या. किंवा माझ्यासारखी कानस घ्या. क्रँकच्या बाहेरच्या कडा बऱ्याचदा नको तितक्या धारदार असतात. खडूने दाखवलेल्या जागी ती कड गोल करून घेतली तर घोटा लागला तरी खरचटत नाही, सरकून जातो. एक मि.मी.पेक्षा जास्त धातू काढू नका. कानस आणि पॉलिश पेपर नेहमी क्रँकच्या लांबीच्या दिशेने चालवा. आडवा ओरखडा राहिला तर तडा जायला तीच जागा मिळते. शेवटी 400 आणि मग 800 नंबरच्या पेपरने चकचकीत करा, हा वेळ वाया जात नाही. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला तरी चालतो, पण महिन्यातून एकदा तो काढून खालचा धातू बघा.

पाय पेडलवर किंचित बाहेर ठेवायची सवय लावूनही फरक पडतो. त्यासाठी रुंद आणि टोकदार पिना असलेली पेडल हवीत, म्हणजे दगडावरून जाताना पाय आत सरकत नाही.

बदल केल्यावर होणारी करकर

नवीन जोडणीनंतर दर फेरीला एकाच कोनात करकर ऐकू येत असेल तर आधी पेडल काढून, आटे पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवा. अर्ध्या वेळा आवाज तिथेच संपतो. नाही संपला तर क्रँक उतरवा, आस आणि क्रँकची आतली बाजू स्वच्छ करा, टॉर्क पान्ह्याने आवळा. चौकोनी आसाला 35 ते 40 न्यूटन मीटर साधारण पुरतात. खाचांच्या जोडणीला उत्पादकाने दिलेला आकडाच पाळा. क्रँक आणि बेअरिंगच्या मधली बारीक नळी, म्हणजे स्पेसर, परत बसवायला विसरू नका. ती राहिली तर क्रँक जास्त आत सरकतो, बेअरिंगवर बाजूने दाब येतो आणि चाक जड फिरतं. बेअरिंगच्या खोबणीचे बोल्ट फार आवळले तरी चाक जड फिरतं, तेव्हा दोन्ही बघा.

क्रँक किंचित हलतोय असं जाणवलं तर तिथेच उतरा आणि चालत या. युनिसायकलवर जोर पुढे-मागे दोन्हीकडे लागतो, त्यामुळे सैल क्रँक दर फेरीला आसावर हातोड्यासारखा आपटतो, आणि खाचा गोल व्हायला एक उतार पुरतो. पेडल वारंवार सुटत असेल तर चाक उलटं लावलं नाही ना ते पाहा. डावा क्रँक उजवीकडे गेला की पेडल चालता चालता आपोआप सुटतं. पंक्चर काढून घाईत चाक परत बसवताना हे फार सहज घडतं.

ॲल्युमिनियमची एक अडचण अशी की छोटे छोटे ताणही त्याच्यात साठत राहतात. अमुक इतक्या ताणाखाली ते कायम टिकेल अशी हद्द त्याला पोलादासारखी नसते. म्हणून भोक पाडलेला किंवा कानस चालवलेला क्रँक दर चार-पाच फेऱ्यांनंतर धुऊन, कोरडा करून, उजेडात धरून बघा. भोकाभोवती, आसाच्या बुडाशी आणि कानस चालवलेल्या कडेवर केसासारखी काळी रेघ दिसली तर ती नखाने चाचपा. पुसली जात नसेल तर तडा दाखवणाऱ्या रंगाचा स्प्रे मारून खात्री करा. तडा निघाला तर दोन्ही क्रँक काढून टाका, कारण दुसऱ्यानेही तेवढेच धक्के खाल्लेले असतात.

नवीन लांबीवर पहिले काही दिवस चढ जड वाटेल आणि स्थिर उभं राहताना, क्रँक आडवे ठेवून तोल धरताना, पाय जवळ आल्यासारखे वाटतील. सीट वाढवायला विसरला असाल तर गुडघे पूर्वीपेक्षाही जास्त दुखतील, आणि तेव्हा क्रँकला दोष देऊ नका. लांबी जेवढी कमी झाली तेवढीच सीट वर. मग तीच ओळखीची वाट पुन्हा तीन दिवस चालवा आणि आधीच्या नोंदी शेजारी ठेवून बघा. माझ्या वहीत आता चढाच्या रकान्यात दोन ठिकाणी 'उतरून चाललो' असं लिहिलंय, जे पूर्वी नव्हतं. आणि गुडघ्याचा रकाना गेल्या 11 फेऱ्यांपासून कोरा आहे.